ऑनलाइन डिग्रीनंतर नोकरी शोधताय? आधी तुमच्या सत्राची यादी काढा

ऑनलाइन बीबीए, बीसीए, एमबीए झालं की "ही डिग्री चालते का हो?" हा प्रश्न जिथे जाल तिथे येणार, आणि तोंडी उत्तर देऊन भागत नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २ सप्टेंबर २०२२ ला सूचना काढलीये की मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा डिस्टन्स डिग्री रेग्युलर डिग्रीच्या समकक्ष धरायची. ती पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवाच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

कारण ऑनलाइन कोर्सची परवानगी विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, ती कोर्सनुसार आणि सत्रानुसार मिळते. माझं जॉइनिंग नेमकं इथेच अडकलं होतं. ऑफर हातात आणि व्हेरिफिकेशनवाल्या मॅडमचा फोन, "विद्यापीठ यादीत दिसतंय, पण तुम्ही अ‍ॅडमिशन घेतलं त्या सत्राला हा कोर्स होता का?" विद्यापीठ नावाजलेलं, नॅकची (विद्यापीठाचा दर्जा तपासणारी संस्था) ग्रेड चांगली, पण त्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांना त्या सत्राचा कागद हवा होता. म्हणून यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर जा, आत्ताची यादी नको, तुमच्या अ‍ॅडमिशनच्या सत्राची काढा, त्यात विद्यापीठ शोधा, मग कोर्सचं पूर्ण नाव, आणि परवानगी 'ऑनलाइन'ची आहे का 'ओडीएल'ची तेही बघा. ओडीएल म्हणजे डिस्टन्स, त्याची परवानगी वेगळी असते, एकीवर दुसरी चालत नाही. ते पान डाउनलोड करा आणि अ‍ॅडमिशन लेटर, फीच्या पावत्या, मार्कशीट यांच्यासोबत एकाच फोल्डरमध्ये टाका. मधल्या एजन्सीने दिलेल्या पत्राला काही किंमत नाही, यूजीसीच्या नियमात फ्रँचायझी, म्हणजे दुसऱ्या संस्थेमार्फत कोर्स चालवणं, चालतच नाही.

एवढं हाताशी असेल तर घाबरायचं कारण नाही, खरंच. मीही कागद दिले आणि जॉइन झाले.

फॉर्ममध्ये मात्र गंमत करू नका. 'फुल टाइम, पार्ट टाइम, करस्पॉन्डन्स' एवढेच पर्याय असतात, ऑनलाइन नसतंच, अशा वेळी एचआरला मेल टाकून विचारा काय भरू आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. "ऑनलाइन केलंय हे लिहूच नका, कोण बघतंय" म्हणणारे पैसे घेऊन सल्ला देणारे मेंटॉर खूप आहेत, माझं स्पष्ट मत, त्यांच्यापासून लांब राहा, कारण डिग्री थेट विद्यापीठाकडून तपासली जाते आणि सापडलात तर हातातली नोकरीही जाते. त्यापेक्षा त्याच कोर्सचा नोकरीला लागलेला एखादा सीनियर गाठा, तो कोणत्या कंपनीत काय विचारतात ते फुकट सांगेल आणि जमलं तर रेफरलही देईल.

काही कंपन्या जाहिरातीतच 'फक्त फुल टाइम रेग्युलर' लिहितात. यूजीसीची सूचना दाखवून खाजगी कंपनीची अट बदलत नाही, तिथे वाद घालू नका, पुढे चला. छोट्या आणि मधल्या कंपन्यांत काम दाखवलं तर ऐकून घेतात, इंटरव्ह्यूमध्ये मी लॅपटॉपवर माझी एक्सेल शीट उघडली, सेल्सचा डेटा कसा साफ केला ते दाखवलं आणि पुढचे सगळे प्रश्न त्या शीटवरच आले.

अजून एक, मार्कशीट आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंग आजच जुळवून बघा. दुरुस्ती विद्यापीठाकडूनच होते आणि वेळ खाते, ऑफर आल्यावर धावपळ केलीत तर हातात दिवस उरत नाहीत.