ऑईलचा लाल दिवा लागलाय? इंजिन खोलायला हो म्हणायच्या आधी हे बघा

डॅशबोर्डवर किटलीचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. साताऱ्याच्या वाढे फाट्यापर्यंत हळूहळू जाऊ, तिथं ओळखीचा मिस्त्री आहे वगैरे काही नको. तो दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, ऑईलला प्रेशर नाही ते सांगतो, आणि प्रेशर नसताना तसंच चालवलं तर बेरिंगा थोड्याच वेळात चाटून जातात.

आधी ऑईलची पट्टी (डिपस्टिक) बघा, पण सपाट जागेवर. खंबाटकीच्या चढावर उभं राहून काढलेली पट्टी खोटंच सांगणार. पाच-दहा मिनिटं थांबा, ऑईल खाली चेंबरमध्ये उतरू दे, मग पट्टी पुसून परत घालून बघा. कमी असेल तर त्याच ग्रेडचं टाका आणि खाली वाकून गळती कुठं आहे ते बघा. नुसतं वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर दिवा लुकलुकत असेल तर बहुतेक वेळा लेव्हलच कमी असते, ऑईल एका बाजूला जातं आणि चेंबरमधून पंपाकडं ऑईल ओढणारी जाळी हवा ओढते.

आता लेव्हल बरोबर आहे तरी दिवा जात नाही, तर इथं लोकांचे पैसे जातात. गॅरेजवाला बॉनेट उघडून कान लावतो आणि म्हणतो ऑईल पंप गेला, इंजिन खोलावं लागेल. त्याला एवढंच म्हणा की दादा, आधी प्रेशर मोजायचं गेज लावून दाखवा. ऑईल प्रेशरचा स्विच काढायचा, त्याच आट्यात मेकॅनिकल गेज बसवायचं, गाडी चालू करून थंड असताना बघायचं आणि मग चांगली गरम झाल्यावर परत बघायचं, स्लोवर (रेस न देता) आणि २००० आरपीएमला. ढोबळ हिशोब म्हणजे दर १००० आरपीएमला १० पीएसआय, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा खरा धरा. प्रेशर बरोबर आलं तर पंपाचा काही संबंध नाही, स्विच किंवा वायर बघा. जुन्या साध्या गाड्यांत चावी ऑन करून स्विचची वायर काढली आणि तरी दिवा जळतोय म्हणजे वायर कुठंतरी बॉडीला लागलीय. इंजिन खोलण्याच्या मानानं हा किरकोळ खर्च.

गेजवर प्रेशर खरंच कमी आलं तर मग बघा कधी कमी येतंय. इंजिन थंड असताना ठीक, गरम झाल्यावर स्लोला पडतं आणि रेस केली की वर जातं, तर ऑईल पातळ झालंय नाहीतर बेरिंगा झिजल्यात. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास येतोय आणि लेव्हल मॅक्सच्याही वर गेलीय असं बीएस-६ डिझेलमध्ये होतं, गाडी रोज गावातल्या गावात, राजवाडा ते पोवई नाका एवढीच फिरत असेल तर सायलेन्सरकडचा काजळी पकडणारा फिल्टर (डीपीएफ) स्वतःला साफ करायला जातो आणि जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. अशा वेळी आधी ऑईल बदला, मग परत गेज लावा. आणि बामणोलीकडं कुठं खालून दगड लागला होता का तेही आठवा, चेंबर आत दबला की जाळीचं तोंड बंद होतं, बाहेर एक थेंब गळत नाही पण प्रेशर जातं.

आवाजाचं म्हणाल तर वरून टिकटिक म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्हची यंत्रणा), त्याला जरा वेळ आहे. खालून जड ठकठक आणि चढाला लोड आला की वाढते, ती बेरिंग, गाडी टो करूनच न्या. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त नाहीतर हवा कमी, एअर फिल्टर आधी बघा. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतोय आणि कूलंट कमी होतंय तर हेड गॅसकेटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) संशय धरा.

ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडं कमी अंतर फिरणाऱ्या गाड्यांत नुसत्या दमटपणानं ती धरते, एकदा पुण्यापर्यंत नेऊन आणली की बऱ्याचदा जाते. पट्टीवरचं ऑईलच दुधाच्या चहासारखं झालं असेल, म्हणजे ऑईलमध्ये पाणी मिसळलं असेल, तर मात्र स्टार्टर मारू नका.