नुसतं ‘नव्वद’ मागू नका: जुन्या गाडीच्या गिअर ऑइलमधल्या या चुका टाळा

इंजिन ऑइल दर सर्व्हिसिंगला बदललं जातं. गिअर ऑइलच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. बहुतेक मॅन्युअल गाड्यांच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते, डॅशबोर्डवर त्याचा दिवा नसतो, त्यामुळे गाडी तिसऱ्या मालकाकडे आली तरी आत कारखान्यात भरलेलंच ऑइल फिरत असतं. मग एक दिवस गिअर घासायला लागतो, कुणीतरी ‘ऑइल बदलून बघ’ म्हणतं, आणि बदलताना जे आत जातं ते कधी कधी जुन्यापेक्षाही वाईट असतं.

दुकानात फक्त नंबर सांगणं

‘दोन लिटर नव्वद द्या.’ स्पेअर पार्टच्या दुकानात एवढंच बोलणं होतं आणि समोर येईल तो डबा घरी येतो. नव्वद हा फक्त जाडीचा आकडा आहे. तोही इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून बघायचा नसतो, कारण गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. नव्वद नंबरचं गिअर ऑइल साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचा मजकूर डब्यावर बारीक अक्षरात असतो: ऑइलची श्रेणी, म्हणजे जीएल-४ की जीएल-५. इंजिन ऑइलमध्ये नवी श्रेणी सहसा जुनीची जागा घेते, म्हणून इथेही पाच म्हणजे चारच्या वरचं असं धरून लोक जीएल-५ घेतात. फसगत इथेच होते. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलसाठी (दोन चाकांना ताकद वाटून देणारी यंत्रणा), तेही हायपॉइड म्हणजे तिरक्या दात्यांच्या, आहे. तिथे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. झाकण उघडल्यावर नाकात जाणारा उग्र वास त्या गंधकाचाच.

जुन्या गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर टाकताना रिंग समोरच्या शंकूसारख्या भागाला क्षणभर घट्ट धरते, दोघांचा वेग जुळतो आणि मग दाते बसतात. ऑइल गरजेपेक्षा निसरडं असलं की ही पकड उशिरा बसते आणि गिअर टाकताना खरखर होते. शिवाय तापल्यावर काही जीएल-५ ऑइलमधली द्रव्यं पितळ खातात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च घ्या. ‘दोन्ही चालतं हो’ हे दुकानदाराचं मत, गाडी बनवणाऱ्याचं नव्हे.

उलटी चूकही होते. ओम्नी, सुमो, क्वालिस, बोलेरो या गाड्यांना मागचं डिफरन्शियल वेगळं असतं आणि त्याला जीएल-५ लागतं. एकाच डब्यातून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्ही भरून घेतलं तर दोघांपैकी एकावर अन्याय ठरलेला. मारुती ८०० किंवा सँट्रोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, पण त्याचे दाते हायपॉइड नसतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

आवाज दाबायला जाड ऑइल भरणं

बेअरिंग गुणगुणायला लागलं की ‘एकशेचाळीस टाकून बघू’ हा सल्ला मिळतो. आवाज खरंच कमी होतो. बेअरिंग मात्र तसंच झिजत राहतं, आणि थंडीच्या सकाळी पहिला-दुसरा गिअर हट्टाला पेटतो. जुनी गाडी विकण्याआधी ही युक्ती करणारेही आहेत. म्हणून सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर इंजिन गार असताना चालवून बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

गिअर जड म्हणजे ऑइलच खराब, असं धरणं

पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना अलगद पडतात पण चालू केल्यावर अडतात आणि रिव्हर्स टाकताना करकर होते? मग क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल ताणली असेल किंवा ॲडजस्टमेंट गेली असेल. रिव्हर्सला जुन्या गाड्यांत बहुधा सिंक्रो नसतो, म्हणून क्लचचं दुखणं तिथे आधी कळतं. इंजिन बंद असतानाही गिअर जड असेल तर लिंकेज (गिअरचा दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळया किंवा केबल) आणि त्याचे बुश बघा.

सकाळी पहिली काही मिनिटंच जड आणि नंतर ठीक, असं असेल तर संशय ऑइलवर घ्यायला हरकत नाही. एकच गिअर घासत असेल तर त्याचा सिंक्रो झिजलाय. योग्य ऑइलने थोडा आराम पडेल, दुखणं जाणार नाही. आणि चढावर पाय उचलला की गिअर सुटून न्यूट्रलमध्ये येत असेल, तर ऑइलच्या दुकानात जायचं कारणच नाही, गिअरबॉक्स खोलावा लागेल.

सगळ्याच गिअरमध्ये घुंईई आवाज नव्याने सुरू झाला असेल तर गाडी थांबवून आधी पातळी बघा.

आधी खालचा नट खोलणं

आधी भरायचा, म्हणजे वरचा नट खोलायचा. वर्षानुवर्षं न हललेला हा नट गंजून बसलेला असतो. खालून ऑइल सोडून दिलं आणि मग कळलं की वरचा नट फिरत नाही किंवा त्याची तोंडं गोल झालीत, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. त्याला साजेसाच पाना किंवा ॲलन की वापरा, पक्कड लावू नका.

ऑइल काढण्याआधी गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट बाहेर येतं. खालच्या नटाला अनेकदा लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ लगदा दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. बोटांत चोळल्यावर किरकिर लागणारे कण, पत्रीसारखे तुकडे किंवा दात्याचं टोक मिळालं तर मेकॅनिकला दाखवा. पिवळी चमक दिसली तर ती पितळी रिंगांची.

भरताना गाडी सपाट हवी. पुढून जॅकवर चढवलेल्या गाडीत पातळी चुकते. बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरायच्या भोकातून ऑइल ओघळायला लागलं की पातळी झाली. जास्त भरलं तर ते फेसाळतं आणि सील शोधून बाहेर पडतं. वॉशर नवा टाका. तांब्याचा वॉशर दहा-वीस रुपयांवरून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही.

गळतीवर नुसतं टॉप-अप

पार्किंगमध्ये डाग दिसला की वरून भरत राहायचं, हा प्रकार गिअरबॉक्सला महागात पडतो, कारण मध्ये किती उतरलं ते दिसत नाही. सहसा ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील गेलेलं असतं. नवं सील बसवूनही गळत असेल तर ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सची हवा जायची-यायची वाट, बघा. तो चिखलाने बुजला की आतली गरम हवा सीलमधूनच वाट काढते.

हाच ब्रीदर पावसाळ्यात दुसरा घोटाळा करतो. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाडीचं इंजिन सगळे बघतात, गिअरबॉक्स राहून जातो. पुरातून गाडी काढली असेल तर ऑइल थोडं सोडून बघा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय; ते सगळं सोडून नवं भरा, आणि थोडं चालवून पुन्हा एकदा बदला.

ऑटोमॅटिकमध्ये ‘कुठलंही लाल ऑइल’

इथे चुकीला माफी कमी. जनरल मोटर्सने डेक्स्रॉन-३ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचे (एटीएफ, हेच ते लाल ऑइल) परवाने २००६ अखेर बंद केले. आज डब्यावर ते नाव दिसलं तर तो त्या कंपनीचा दाखला नसून ऑइल बनवणाऱ्याचा दावा असतो. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा-पुलीचा ऑटोमॅटिक) गाडीला, उदाहरणार्थ २००३ नंतरच्या होंडा सिटी सीव्हीटीला, साधं एटीएफ भरू नका; तिथे पोलादी पट्टा आणि पुली यांच्या घर्षणावर सगळा खेळ असतो. आणि बरीच वर्षं ऑइल न बदललेल्या ऑटोमॅटिकला मशीनने फ्लश करू नका. खालून सोडलं की निम्मंसुद्धा निघत नाही, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (ऑइलच्या जोरावर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) राहतं. म्हणून थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा सोडून भरणं बरं.

एएमटीचं, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप हलवणाऱ्या मॅन्युअलचं, वेगळंच. २०१४ मध्ये आलेल्या सेलेरिओपासूनच्या या गाड्या आता जुन्या झाल्यात. क्लचचं पेडल नाही म्हणून त्यांना ऑटोमॅटिक समजून गिअरबॉक्समध्ये एटीएफ ओतलं जातं. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो आणि त्याला त्याचंच गिअर ऑइल लागतं. गिअर हलवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेचं ऑइल निराळं, वरच्या छोट्या टाकीत असतं. त्या टाकीत ब्रेक ऑइल पडलं तर आतली रबरी सीलं फुगतात, आणि बिल त्या यंत्रणेचं, म्हणजे ॲक्च्युएटरचं, येतं.