दंत आरोग्य कार्यक्रम चालवताय? या चुका टाळा

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाची जबाबदारी हाती आली की नवे अधिकारी सगळ्यात आधी डेंटल चेअरची मागणी पाठवतात. खुर्ची आली म्हणजे दंत विभाग सुरू झाला, असं कागदावर दिसतं. एका ग्रामीण रुग्णालयात खुर्चीचं प्लास्टिकही पुरतं निघालं नव्हतं आणि हॅण्डपीस, म्हणजे दात कोरायचं फिरतं हत्यार, बंद पडलेला. पाणी बोअरचं, क्षारांनी बारीक नळ्या बुजलेल्या. दुरुस्तीचा करार कुणी केलाच नव्हता. डॉक्टर मॅडमच्या हातात चिमटा तेवढा उरला होता. भरून वाचली असती अशी दाढही त्या काढत होत्या, आणि अहवालात ते 'उपचार' म्हणून मोजलं जात होतं. याचा मला आजही संताप येतो. मागणीपत्रातच पाण्याचा फिल्टर, स्टॅबिलायझर, जादा हॅण्डपीस आणि वार्षिक देखभाल करार लिहा. भेटीला गेले की मी रजिस्टरआधी हॅण्डपीसला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडते. गंजाचं तांबूस पाणी आलं की देखभाल होत नाही हे कळतं, बाकी काही विचारावं लागत नाही.

दुसरी चूक शाळा तपासणीतली. आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) पथकं दात बघतात, चिठ्ठी देतात, आकडा वर जातो आणि मूल उपचाराविना घरीच राहतं. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे कायमची दाढ येते. दुधाचा एकही दात न पडता येते, म्हणून पालक म्हणतात, "दुधाचीच आहे, पडेल." ती किडली की पुन्हा येत नाही. 'दात किडका' एवढं खरडून भागत नाही. कोणती दाढ, कुठलं रुग्णालय, दंत ओपीडीचा वार कोणता, हे लिहा. महिन्याच्या अहवालात 'दाढ भरलेली मुलं' हा रकाना स्वतः वाढवा. शिबिरांचे आकडे फुगवायची घाई झालेल्यांना तो नको असतो, म्हणूनच तो हवा.

मार्चअखेरीस निधी संपवायला ब्रश-पेस्ट वाटू नका.

लहान मुलांसाठी फ्लोराइडचा उपक्रम आखण्याआधी पाण्याचा तपासणी अहवाल मागवा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे.

"तंबाखू खाता का?" असं विचारलं की बायका नाही म्हणतात, कारण मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड, त्यांच्या लेखी तंबाखू नसते. आशाताईंना मिश्रीचं नाव घेऊनच विचारायला शिकवा. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला किंवा तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर कर्करोगाची शंका धरून, पुढच्या शिबिराची वाट न बघता त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात पाठवा, आणि ती बाई पोचली का, हे फोन करून विचारा.