ग्राफिक्स प्रोग्रामिंग शिकायचंय? आधी एक पिक्सेल स्वतः रंगवा

लूप, इफ-एल्स, अ‍ॅरे इतपत कोडिंग येतंय आणि आता स्क्रीनवर काहीतरी दिसायला पाहिजे असं वाटतंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. यूट्यूबवर शोधलं की व्हल्कन, ओपनजीएल (दोन्ही ग्राफिक्स कार्डकडून थेट काम करून घेण्याचे मार्ग), युनिटी (तयार गेम इंजिन) अशी नावं एकदम अंगावर येतात. व्हल्कनला तूर्तास लांबूनच नमस्कार करा, त्यात एक साधा त्रिकोण दाखवायला हजारेक ओळी लागतात आणि त्यातल्या निम्म्या कशासाठी आहेत हे नवख्याला कळायचं काही कारणच नाही. युनिटीचं बरोब्बर उलटं, तिथे सगळं आयतं मिळतं, गेमच बनवायचा असेल तर झकास, पण चित्र उमटतं कसं ते काही कळत नाही.

म्हणून सुरुवात लायब्ररीशिवाय करायची. पीपीएम नावाचा एक अगदी भोळा इमेज फॉरमॅट आहे, नुसती टेक्स्ट फाईल. पहिल्या ओळीत कॅपिटल पी आणि त्याला चिकटून ३, दुसरीत रुंदी आणि उंची, समजा २५६ आणि २५६, तिसरीत २५५ म्हणजे रंगाची कमाल किंमत, आणि त्याखाली प्रत्येक पिक्सेलचे तीन आकडे, लाल, हिरवा, निळा, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली (आकडे अर्थात इंग्रजी टाईप करा). पायथन, सी, जावा, जी भाषा येते ती घ्या. बाहेर वायचा लूप, आत एक्सचा, लालच्या जागी एक्स, हिरव्याच्या जागी वाय आणि निळा कायम १२८.

फाईल गिम्प या फुकट मिळणाऱ्या इमेज एडिटरमध्ये उघडा. वर डावीकडे गडद निळा, वर उजवीकडे राणी कलर, खाली डावीकडे हिरवा, खाली उजवीकडे फिकट पिवळा आणि मधे सगळे एकमेकांत विरघळलेले. ६५,५३६ पिक्सेल, प्रत्येकाचा रंग तुमच्या लूपने काढलेला. राणी आणि हिरवा यांची अदलाबदल झाली असेल तर एक्स-वाय उलटे पडलेत. फाईल उघडतच नसेल आणि तुम्ही विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून आऊटपुट फाईलकडे वळवलं असेल तर तो यूटीएफ-१६ चा (अक्षरं साठवायच्या वेगळ्या पद्धतीचा) घोळ आहे, त्यापेक्षा कोडमधूनच फाईल लिहा.

आता गोल काढा. मध्यापासूनचं आडवं अंतर आणि उभं अंतर, दोघांचे वर्ग करून बेरीज, ती ८० च्या वर्गापेक्षा कमी असेल तर पांढरा, नाहीतर आधीचाच रंग. वर्गमूळ काढायची गरजच नाही. मग त्रिकोण, इथे खरी मजा आहे. प्रत्येक बाजूवरून एकाच दिशेने चालत निघालात तर हा पिक्सेल डाव्या हाताला येतो की उजव्या, एवढंच तपासायचं, तिन्ही वेळा उत्तर सारखं आलं की पिक्सेल आत. दहावीची निर्देशक भूमिती इथे कामाला येते, आणि ग्राफिक्स कार्डही त्रिकोण भरताना मुळात हीच तपासणी करतं.

चित्र हलवायचं असेल तर पी५ (p5.js) ही जावास्क्रिप्टची लायब्ररी घ्या, त्याचा एडिटर ब्राऊझरमध्येच चालतो, इन्स्टॉलची कटकट नाही. त्यात दोन फंक्शन लिहायची, सेटअप एकदा चालतो, ड्रॉ साधारण सेकंदाला ६० वेळा. एक चेंडू उड्या मारत ठेवा. ड्रॉच्या सुरुवातीला बॅकग्राउंड पुसला नाही तर चेंडूची शेपटी उमटत जाते (कधीकधी तीच छान दिसते). भिंतीवर आपटल्यावर नुसता वेग उलटा केला तर कधीकधी चेंडू भिंतीतच थरथरत अडकतो, कारण पुढच्या फ्रेमलाही तो बाहेरच असतो आणि वेग परत उलटा होतो, म्हणून आधी त्याला आत आणून ठेवायचं, मग वेग उलटा करायचा. आणि वेगाला डेल्टाटाईमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) गुणा, नाहीतर हळू मशीनवर चेंडूही हळू पळेल.

हे जमलं की शेडर, म्हणजे जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) चालणारा छोटा प्रोग्रॅम. फ्रॅगमेंट शेडर म्हणजे तुमच्या त्या पीपीएमवाल्या लूपचा फक्त आतला भाग, लूप जीपीयू सांभाळतो आणि खूप सारे पिक्सेल एकाच वेळी काढतो. शेडरटॉय या साईटवर (२०१३ पासून चालू आहे) तोच ग्रेडियंट (एकमेकांत विरघळणारे रंग) आणि तोच गोल पुन्हा लिहा. रंग तिथे ० ते २५५ नाही तर ० ते १ असतात आणि शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं, त्यामुळे राणी कलर खाली गेला तर बरोबरच आहे. त्यानंतर ओपनजीएल ३.३ हातात घ्या, सेटअपच्या ओळी तेव्हाही कंटाळवाण्याच असतील पण कोणती ओळ कशासाठी ते कळेल.

वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, साध्या लॅपटॉपमधलं इनबिल्ट पुरतं. फक्त शेडरमध्ये लांबलचक लूप टाकू नका, ब्राऊझर गोठतो आणि टॅब बंद करावा लागतो, म्हणून कोड आधीच दुसरीकडे कॉपी केलेला बरा.