एन्झाइम वापरून औषधी वनस्पतींचा अर्क काढताना

औषधी द्रव्यं वनस्पतीच्या पेशींत असतात आणि पेशीभोवती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व पेक्टिन यांची भिंत असते. एन्झाइम ही भिंत सैल करतं, एवढंच. द्रव्य बाहेर काढण्याचं काम द्रावकाचंच. हे ध्यानात न घेता पुष्कळ जण एन्झाइमचं पाणी गाळून घेतात आणि चोथा फेकतात. हळदीच्या बाबतीत तसं केलं, तर कर्क्युमिन चोथ्याबरोबर जातं, कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून हवं असलेलं द्रव्य पाण्यात उतरतं की अल्कोहोलमध्ये, हे आधी ठरवा.

पानांसाठी सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) आणि पेक्टिनेज (पेक्टिन तोडणारं) समप्रमाणात घ्यावं. गरदार फळं आणि फळांच्या सालींत पेक्टिन भरपूर असतं, तिथे पेक्टिनेज जास्त. कठीण साल आणि लाकूड यांच्यावर पैसे घालवू नका. त्यातल्या लिग्निनला, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाला, ही एन्झाइमं हात लावत नाहीत. खरेदी करताना वजनापेक्षा दर ग्रॅममागची सक्रियता बघा. दोन वेगळ्या उत्पादनांचा एक-एक ग्रॅम सारखं काम करत नाही.

सुरुवातीला १०० ग्रॅम सुकी भुकटी घ्या, ४० ते ६० मेश (एका इंचात तेवढी भोकं असलेल्या) चाळणीतली. पिठासारखी बारीक नको, गाळताना कापड तुंबतं. बफरसाठी, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणासाठी, १०.५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड मोनोहायड्रेट सुमारे ९०० मिलि पाण्यात विरघळवा, सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने सामू ४.८ वर आणा आणि पाणी घालून एक लिटर करा. त्यातलं २० मिलि बाजूला काढून उरलेल्यात भुकटी कालवा, दहा मिनिटं थांबा आणि सामू पुन्हा मोजा. वनस्पतीतली आम्लं आणि क्षार तो हलवतात, त्यामुळे भुकटी घालण्याआधीच्या आकड्यावर विसंबू नये.

मिश्रण ५० अंश सेल्सिअसला आल्यावर एक ग्रॅम एन्झाइम, म्हणजे भुकटीच्या एक टक्का, त्या बाजूला ठेवलेल्या थंड बफरमध्ये अलगद विरघळवून घाला. जोरात घुसळलं की फेस येतो आणि फेसात प्रथिनं बिघडतात. पावडर हाताळताना मास्क लावाच. एन्झाइमची धूळ नाकातोंडात गेली तर अ‍ॅलर्जी आणि दमा जडू शकतो.

आता दोन तास, हळूहळू ढवळत, ४५ ते ५० अंशांत ठेवा. ६० च्या वर गेलं की एन्झाइम झपाट्याने निकामी होऊ लागतं. दर अर्ध्या तासाने सामू बघा. पेक्टिन तुटताना गॅलॅक्टुरोनिक आम्ल सुटतं आणि सामू घसरतो; ४.५ च्या खाली जाऊ लागला तर थोडं सोडियम हायड्रॉक्साइड द्या. वेळ वाढवण्याचा मोह टाळा. बऱ्याच सेल्युलेज उत्पादनांत बीटा-ग्लुकोसिडेजही असतं आणि ते द्रव्यावरची साखर तोडतं. आयसोक्वेर्सिट्रिनचं असं क्वेर्सेटिन होतं, आणि क्वेर्सेटिन पाण्यात फारसं विरघळत नाही. हवं ते द्रव्य ग्लायकोसाइड, म्हणजे असं साखर जोडलेलं, असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाने नमुने काढून तपासा.

प्रक्रिया थांबवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ८५ ते ९० अंशांवर दहा मिनिटं तापवणं. पण हळद, आलं यांसारख्या पिठूळ कंदांत हेच अंगाशी येतं: स्टार्च फुगतो, सगळ्याची खळ होते आणि गाळणं अशक्य होतं. अशा वेळी आणि उष्णतेने बिघडणाऱ्या द्रव्यांसाठी तापवू नका, अल्कोहोलनेच थांबवा. मिश्रण खोलीच्या तापमानाला आणा आणि एक लिटर पाण्यामागे ९५ टक्के इथेनॉल २.८ लिटर घाला, म्हणजे तीव्रता सुमारे ७० टक्क्यांवर जाते. एन्झाइम बंद पडतं आणि कर्क्युमिनसारखं द्रव्य त्याच भांड्यात उतरू लागतं. आसपास ज्योत किंवा ठिणगी उडवणारं उपकरण नको. बंद भांड्यात दोन तास ढवळा, कापडातून दाबून गाळा, मग फिल्टर पेपरमधून.

टॅनिन (तुरट चवीचं द्रव्य) जास्त असलेल्या वनस्पतींत एन्झाइम थंड पडलेलं दिसतं, कारण टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवतं. मात्रा दीड-दोन टक्क्यांपर्यंत वाढवून बघा. तरी फरक पडला नाही, तर तिथे थेट अल्कोहोलनेच अर्क काढलेला बरा.

नुसतं सुकलेल्या अर्काचं वजन वाढलं म्हणून खूश होऊ नका. भिंत तुटताना सुटलेली साखर त्यात मोठ्या प्रमाणात येते. एकूण फेनॉलिक द्रव्यं मोजणारी फोलिन-सिओकॅल्टो चाचणीही फसवते, कारण तिच्यात प्रथिनं आणि काही साखराही रंग देतात. म्हणून तीन भांडी चालवा: एक एन्झाइमसह, एक एन्झाइमशिवाय, एक उकळून मारलेल्या एन्झाइमसह. बाकी सगळं अगदी सारखं ठेवा. नेमकं हवं तेच द्रव्य एचपीएलसीवर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. पहिल्या भांड्यातलं प्रमाण उरलेल्या दोन्हींपेक्षा ठळकपणे जास्त आलं, तरच एन्झाइमचा खर्च वसूल झाला.