चलान गाडीवर आलंय की लायसन्सवर, हे आधी बघा

नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नल तोडला, कॅमेऱ्यानं टिपलं, मोबाईलवर मेसेज आला. बहुतेक जण लगेच रक्कम बघतात. पण त्याआधी चलान कशावर आलंय ते बघायला हवं. कॅमेऱ्याला नंबर प्लेट वाचता येते, चालवणारा कोण ते कळत नाही. म्हणून असं चलान गाडीवर, पर्यायानं मालकाच्या नावावर चढतं. चौकात पोलिसानं थांबवून लायसन्स घेतलं, तर प्रकरण चालकावर येतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात लायसन्सचे गुण कापत जाण्याची पद्धत नाही. काही गुन्ह्यांत थेट निलंबनच होतं.

१. थकबाकी तपासा
वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका; दोन्ही आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) असतात. आरटीओच्या पथकानं केलेली कारवाई मात्र केंद्र सरकारच्या परिवहन ई-चलान संकेतस्थळावर दिसते, तेव्हा तिथेही बघा. व्हॉट्सॲपवर 'चलान बघा' म्हणत एखादी एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) आली, तर ती उघडू नका. तो बँक खातं रिकामं करण्याचा धंदा आहे.

२. पैसे भरण्याआधी फोटो बघा
गाडी तुमचीच आहे का? नंबरमधला एखादा अंक चुकीचा वाचला गेला असेल, तर पैसे न भरता त्याच संकेतस्थळावरून तक्रार करा, सोबत आरसी आणि आपल्या गाडीचा फोटो जोडा. जुनी गाडी विकली, पण आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली नाही, तर त्याचे पराक्रम तुमच्याच मोबाईलवर येत राहतील. अशा वेळी चलानाशी भांडण्यापेक्षा आधी हस्तांतरण उरका. थकीत चलान असेल तर तेही अडू शकतं.

३. कलम वाचा
सगळ्यात कामाची ओळ ही, आणि तीच कुणी वाचत नाही. नो पार्किंगचा दंड भरला की विषय संपतो. पण अतिवेग, सिग्नल तोडणं, चालवताना मोबाईल हातात धरणं, उलट्या दिशेनं येणं, दारू पिऊन चालवणं, ट्रिपल सीट आणि विनाहेल्मेट या प्रकारांत पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. ही तरतूद कलम २०६ मध्ये आहे.

हेल्मेटचं कलम आहे १९४ड. मे महिन्यात आपल्याकडे तोंडाला दुपट्टा बांधला की हेल्मेट डिक्कीत जातं. ऊन पाहता ते समजण्यासारखं आहे, पण कायद्यात उन्हाची सवलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं या गुन्ह्याला दंडासोबत तीन महिन्यांची अपात्रताही (तेवढा काळ लायसन्स बंद) जोडली. ट्रिपल सीटलाही (१९४क) तेच. दारू पिऊन चालवण्याचं प्रकरण कोर्टात जातं. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

४. आरटीओची नोटीस आली तर
लायसन्स अपात्र ठरवण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून नोटीस आली की गप्प बसू नका, दिलेल्या तारखेला लेखी उत्तर घेऊन जा. नागपुरात शहर (एमएच ३१), ग्रामीण (एमएच ४०) आणि पूर्व (एमएच ४९) अशी वेगवेगळी कार्यालयं आहेत. नोटिशीवरचा पत्ता नीट वाचा, नाहीतर उन्हात हेलपाटा होतो. आदेश पटला नाही तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं.

५. निलंबनाच्या काळात
आदेश कोणत्या वर्गाच्या वाहनांसाठी आहे ते बघा. त्या काळात 'कोपऱ्यावरच जायचंय' म्हणूनही गाडी काढू नका. अपात्र असताना चालवलं तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. कलम १९ नुसार, मुदत संपल्यावर लायसन्स परत मिळण्याआधी चालकाचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडलात, तर लायसन्स रद्दच होऊ शकतं. ऑटो किंवा ट्रकवर घर चालणाऱ्यासाठी याचा अर्थ कमाई बंद.

६. मुलाला चावी देण्याआधी
शिकवणीला जायचंय म्हणून सोळा वर्षांच्या पोराला आईबाबाच ॲक्टिव्हा देतात. कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलानं गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या पोराला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.