हिमाने झाकलेल्या लहान धावपट्टीवर उतरण्यापूर्वी

बारामती किंवा धुळ्याच्या कोरड्या धावपट्टीवर हात बसलेले आपल्याकडचे विद्यार्थी वैमानिक पुढील प्रशिक्षणासाठी अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा कॅनडात जातात, तेव्हा हिवाळ्याची त्यांची तयारी बहुधा आकाशापुरतीच होते. ढग, वारा, विमानावर साचणारा बर्फ यांचा अभ्यास व्हायलाच हवा. पण हिवाळ्यात लहान विमानतळांवर हलक्या विमानांना होणारे बरेच अपघात चाके जमिनीला टेकल्यानंतरचे असतात. विमान घसरते, कडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात शिरते, प्रोपेलर वाकतो, नाकाचे चाक मोडते. म्हणून ही यादी मुख्यतः जमिनीविषयी आहे.

निघण्यापूर्वी त्या विमानतळाचे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना, वाचाव्यात आणि त्यावर न थांबता तिथल्या व्यवस्थापकाला दूरध्वनी करावा. पक्क्या धावपट्टीच्या स्थितीसाठी ६ ते ० असे संकेतांक दिले जातात. ६ म्हणजे कोरडी धावपट्टी आणि ० म्हणजे ब्रेक जवळपास निरुपयोगी. पहिला, मधला आणि शेवटचा अशा तीन भागांसाठी तीन वेगळे आकडे असतात, आणि वेग कमी करायचा असतो त्याच भागाचा आकडा अनेकदा वाईट निघतो. मात्र लहान विमानतळावर हा अहवाल नेहमी मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी तो किती वाजताचा आहे हे पाहावे, कारण दुपारच्या उन्हात वितळलेले हिम सूर्यास्तानंतर काचेसारखे गोठते आणि सकाळचा आकडा संध्याकाळी खोटा ठरतो. दूरध्वनीवर नेमके प्रश्न विचारावेत: बर्फ शेवटचा केव्हा काढला, पूर्ण रुंदी मोकळी केली की मधला पट्टाच, कडेचे ढिगारे किती उंच आहेत, आणि बर्फ हटवणारे वाहन अजून धावपट्टीवर आहे का. पायपर चेरोकीसारख्या खालच्या पंखांच्या विमानाला ढिगाऱ्यांच्या उंचीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा असतो.

त्यानंतर लांबीचे गणित कागदावर मांडावे. सेसना १७२एस या विमानाला समुद्रसपाटीवर, प्रमाण तापमानात आणि पूर्ण वजनासह पन्नास फुटांच्या अडथळ्यावरून उतरून थांबण्यास विमानाच्या माहितीपुस्तकाप्रमाणे सुमारे १३३५ फूट लागतात. थंड हवा दाट असल्यामुळे उणे दहा अंशांना त्या पुस्तकातला तक्ता याहूनही कमी अंतर दाखवतो, आणि नवखा वैमानिक इथेच फसतो. तो आकडा कोरड्या, पक्क्या धावपट्टीचा आणि नव्या विमानाचा असतो. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने हलक्या विमानांसाठी सुचवलेले गुणक वापरावेत, असे माझे मत आहे: हिमासाठी किमान १.२५ आणि त्यावर सर्वसाधारण सुरक्षेसाठी १.४३. या हिशेबाने १३३५ फुटांचे जवळजवळ २४०० फूट होतात. हिमाऐवजी निव्वळ गोठलेला घट्ट बर्फ असेल तर हाही आकडा विश्वासाचा नाही. तिथे जाऊ नये. जवळचा लांब धावपट्टीचा पर्याय, जसे उत्तर मिनेसोटात डुलुथ, आधीच ठरवून तिथवर पोहोचण्याइतके इंधन राखून ठेवावे.

विमानाकडे येताना पंखांवरचे दंव पूर्ण काढावे, कारण खरखरीत दंवाचा पातळ थरही उचल, म्हणजे विमानाला हवेत तोलणारा जोर, लक्षणीय घटवतो. चाकांवरची आवरणे हिवाळ्यापुरती उतरवलेली बरी, नाहीतर त्यांत शिरलेला बर्फाचा चिखल हवेत गोठतो आणि टेकताक्षणी एक चाक अडून विमान वळते. केबिनमधील हीटर इंजिनाच्या एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालतो आणि गळती झाल्यास विषारी वायू आत येतो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र जवळ असावे. जाड कोट आणि बूट मागच्या सामानात टाकू नयेत, हाताशी ठेवावेत.

वेळेचा हिशेब वेगळा करावा. डिसेंबरात मिनियापोलिसला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. नियंत्रण मनोरा नसलेल्या अनेक विमानतळांवर दिवे वैमानिकानेच रेडिओचे बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबून लावायचे असतात, आणि कडेचे दिवे हिमाखाली गाडलेले असू शकतात. एलईडी दिवे तर फारसे तापत नसल्याने वरचे हिम वितळतही नाही. ढगाळ दिवशी सर्वत्र पांढरे दिसत असता जमिनीची उंची डोळ्यांना कळत नाही. म्हणून आधी वरून एक फेरी मारून धावपट्टी, ढिगारे आणि वाहने पाहावीत, आणि पुन्हा वर जाण्याचा निर्णय कोणत्या उंचीवर घ्यायचा हे तेव्हाच मोठ्याने म्हणावे. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या सेसना १७२ मध्ये शक्ती कमी करण्यापूर्वी कार्ब्युरेटर हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचू न देणारी गरम हवा, चालू करावी, म्हणजे पुन्हा वर जाताना इंजिन दगा देणार नाही.

आडव्या वाऱ्याची स्वतःची मर्यादा बर्फावर निम्म्याने कमी धरावी. निसरड्या पृष्ठभागावर टायरची पकड नसते, आणि वेग उतरल्यावर रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचा, जोरही संपतो. त्या मधल्या काही सेकंदांत विमान वाऱ्याकडे तोंड करू पाहते. योग्य वेगाने, धावपट्टीच्या सुरुवातीलाच टेकावे, नाकाचे चाक शक्य तितके उशिरा खाली येऊ द्यावे आणि ब्रेक हलक्या हाताने, सरळ रेषेत असतानाच वापरावेत. टॅक्सीमार्ग, म्हणजे धावपट्टीवरून विमान उभे करण्याच्या जागेकडे नेणारा रस्ता, अनेकदा धावपट्टीहून अधिक निसरडा असतो, म्हणून वळण्यापूर्वी वेग चालण्याइतका आणावा. ओले ब्रेक पार्किंग ब्रेक लावून ठेवल्यास रात्रीत गोठतात. चाकांना अडकण लावून दोर बांधावेत आणि फ्लाइट प्लॅन, म्हणजे निघण्यापूर्वी नोंदवलेला उड्डाणाचा आराखडा, स्वतः दूरध्वनी करून बंद करावा, कारण मनोरा नसलेल्या ठिकाणी तो आपोआप बंद होत नाही आणि अमेरिकेत ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने शोध सुरू होतो.